पिकअप घेताय? मायलेज नंतर विचारा, आधी फेऱ्या मोजा



मालवाहू गाड्यांवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो, "मायलेज किती देते?" दुसरा प्रश्न, "डाउन पेमेंट किती?" बस्स. या दोन उत्तरांवर पाच-सात लाखांचा निर्णय होतो आणि पुढची पाच वर्षं हप्ता भरताना घाम फुटतो.

व्हिडिओत वेळ कमी होता, आकडे भराभर गेले. म्हणून इथे सगळा हिशेब सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊनच बसा.

आधी माझी चूक सांगतो

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. खोके, बबल रॅप, टेप, थर्माकोल. पहिली गाडी घेतली तेव्हा मी पाऊण टनाची छोटी गाडी निवडली, कारण मायलेज. मला सांगितलं होतं १८, आणि खरंच १८ च्या आसपास मिळालं. गाडीने काही फसवलं नाही.

पण खोके वजनाने हलके आणि आकाराने मोठे. हौदा गच्च भरला तरी आत जेमतेम अडीचशे किलो माल. म्हणजे एका ऑर्डरला दोन फेऱ्या. तोच रस्ता दोनदा जायचा, दोनदा यायचा. मग माझं मायलेज १८ राहिलं का? ऑर्डरच्या हिशेबाने ते ९ झालं. वर ड्रायव्हरचा अर्धा दिवस जास्त. दुसरी फेरी उशिरा पोचते म्हणून एक चांगलं बेकरीचं गिऱ्हाईक हातचं गेलं, ते वेगळंच.

त्या दिवसापासून मी गाडीचं मायलेज विचारत नाही. मी विचारतो, माझा माल जागेवर पोचवायला एकूण किती रुपये लागतात? आजचा सगळा लेख या एका प्रश्नावर आहे.

तुमचा माल वजनाचा की जागेचा?

हे आधी ठरवा. सिमेंट, टाइल्स, पाण्याचे जार, धान्य हा वजनाचा माल. हौदा अर्धा रिकामा दिसतो, पण पासिंग संपलेलं असतं. खोके, फरसाणाची पाकिटं, फर्निचर, गाद्या हा जागेचा माल. इथे वजन संपत नाही, हौदा संपतो.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सिमेंटच्या पोत्यांनी मोजू. पोतं ५० किलोचं. पाऊण टन म्हणजे १५ पोती. तेराशे किलो म्हणजे २६ पोती. सतराशे किलो म्हणजे ३४ पोती. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे पाणीच २० किलो, जाराचं वजन वेगळं. पाऊण टनात ३५-३६ जार झाले की विषय संपला.

जागेच्या बाबतीत साधारण असं आहे. टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', किंवा मारुती सुपर कॅरी यांचा हौदा साधारण ७ फूट लांब. टाटा इंट्रा व्ही३० किंवा बोलेरो पिकअपचं मोठं मॉडेल घेतलं तर साधारण ९ फूट. कागदावर दोन फुटांचा फरक छोटा वाटतो. पण तुमचं खोकं अडीच फुटांचं असेल, तर ७ फुटांत लांबीला दोनच बसतात आणि ९ फुटांत तीन. एका रांगेत दीडपट माल! शोरूममध्ये जाताना खिशात मेजर टेप ठेवा आणि आपल्या खोक्याचं माप लिहून न्या.

पासिंग कसं वाचायचं?

आरसी बुकावर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. दोन्हींची वजाबाकी केली की काय भरता येतं ते कळतं. एकूण वजनात ड्रायव्हर आणि हमालही आले, हे विसरू नका.

सीएनजी घेणाऱ्यांनी इथे नीट बघा. टाकीचं वजन तुमच्या मालातूनच कापलं जातं. सुपर कॅरीचंच उदाहरण घ्या. पेट्रोल मॉडेलची माल क्षमता ७४० किलो, सीएनजीची ६२५ किलो. ११५ किलो गेले. सिमेंटच्या भाषेत दोन पोती आणि वर थोडं. वजनाचा माल असेल तर हे रोजचं नुकसान आहे. जागेचा माल असेल तर काहीच फरक पडत नाही.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क: ८० आणि ८० सारखे नसतात

"हिची पॉवर जास्त आहे," असं विक्रेता सांगतो. आपण मान डोलावतो. आता एक जोडी बघा.

मारुती सुपर कॅरीचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन: ताकद सुमारे ८० हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे १०४ न्यूटन-मीटर.
टाटा इंट्रा व्ही५० चं १.५ लिटर डिझेल इंजिन: ताकद ८० हॉर्सपॉवर, टॉर्क २२० न्यूटन-मीटर.

हॉर्सपॉवर सारखीच, टॉर्क दुपटीहून जास्त. असं का? पेट्रोल इंजिन ती ताकद ६,००० आरपीएमला देतं, म्हणजे इंजिन किंचाळायला लागल्यावर. डिझेल इंजिन आपला पूर्ण टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच देऊ लागतं. सोप्या भाषेत सांगायचं तर टॉर्क म्हणजे ओढ. माल भरलेली गाडी जागेवरून उचलायला, चढावर न धापता जायला ओढ लागते. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग टिकवायला हॉर्सपॉवर लागते.

मग डिझेलच भारी का? थांबा. दोन्ही गाड्यांचं काम वेगळं. एक पाऊण टनाची, दुसरी दीड टनाची. शहरात सपाट रस्त्यावर ५०० किलो माल पोचवायला २२० चा टॉर्क लागत नाही. तुम्ही न लागणाऱ्या ताकदीचा हप्ता भरता. पण रोज घाट चढायचा असेल आणि गाडी पेट्रोलवर असेल, तर ड्रायव्हर सतत खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत नेणार आणि मायलेज तिथेच सांडणार.

घाटाला डिझेल का जास्त लागतं त्याचा साधा हिशेब सांगतो. भरलेली गाडी एकूण अडीच टनांची धरा. ती ३०० मीटर उंच चढवायची, तर नुसती ती उंची गाठायलाच साधारण ०.७ लिटर डिझेल जळतं. रस्त्यावर पुढे सरकायला लागतं ते वेगळं. उतारावर त्यातलं थोडंच परत मिळतं, बाकी ब्रेकच्या उष्णतेत जातं. म्हणून सपाटीवरच्या मित्राचं मायलेज ऐकून घाटातल्या धंद्यासाठी गाडी घेऊ नका.

मायलेजचा आकडा कसा फसवतो?

पहिली गोष्ट, कंपनीचा आकडा खोटा नसतो. पण तो ठरलेल्या चाचणीतला असतो. तुमचा खड्डा, तुमचा सिग्नल, तुमचा ओव्हरलोड त्यात नसतो. दोन गाड्या आपसात ताडायला तो चालतो. महिन्याचं बजेट मात्र त्यावर बसवू नका.

दुसरी गोष्ट, सीएनजीचा आकडा डिझेलच्या शेजारी ठेवू नका. डिझेल लिटरवर मिळतं, सीएनजी किलोवर. एक किलो सीएनजीमध्ये साधारण १.३ लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते. त्यामुळे सीएनजीचा आकडा नेहमीच मोठा दिसतो. दोघांना एकाच काट्यावर तोलायचं असेल तर फक्त रुपये प्रति किलोमीटर काढा.

तिसरी गोष्ट जरा डोकं लावून वाचा. १८ वरून २० चं मायलेज झालं, किंवा १० वरून १२ झालं. दोन्हीकडे फरक २ चाच. बचत सारखी होईल का? १०० किलोमीटरला किती इंधन लागतं ते काढू.

- १८ चं मायलेज: ५.५६ लिटर. २० चं: ५ लिटर. बचत साधारण अर्धा लिटर.
- १० चं मायलेज: १० लिटर. १२ चं: ८.३३ लिटर. बचत साधारण पावणेदोन लिटर.

तिप्पट फरक! म्हणजे मोठ्या गाडीत एक-दोनचा फरक खूप महत्त्वाचा आणि छोट्या गाडीत फारसा नाही. आपण नेमकं उलटं करतो. छोट्या गाडीत २१ की २२ यावर तासभर वाद घालतो आणि मोठ्या पिकअपला "देईल की दहा-बारा" म्हणून सोडून देतो.

तीन गाड्या, तीन लोड

आता मुख्य हिशेब. इंधनाचे भाव आणि मायलेज मी हिशेबापुरते धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव आणि खरं मायलेज घाला.

- गाडी क: सीएनजी, क्षमता ६२५ किलो, मायलेज १८, सीएनजी ₹९० किलो. किलोमीटरला ₹५.
- गाडी ख: डिझेल, क्षमता १,३०० किलो, मायलेज १४, डिझेल ₹९१ लिटर. किलोमीटरला ₹६.५०.
- गाडी ग: डिझेल, क्षमता १,७०० किलो, मायलेज १३, डिझेल ₹९१ लिटर. किलोमीटरला ₹७.

नुसतं बघितलं तर क स्वस्त. आता माल भरू. एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती रुपये पडतात ते काढायचं, म्हणजे किलोमीटरचा खर्च भागिले टनात माल. दोन फेऱ्या लागल्या तर खर्च दुप्पट.

माल ५०० किलो: क ₹१०, ख ₹१३, ग ₹१४. क जिंकली.

माल १,२०० किलो: क ला दोन फेऱ्या, म्हणून ₹८.३३. ख ₹५.४२. ग ₹५.८३. ख जिंकली.

माल १,७०० किलो: क ला तीन फेऱ्या, ₹८.८२. ख ला दोन फेऱ्या, ₹७.६५. ग एका फेरीत ₹४.१२. ग जिंकली.

बघितलंत? तिन्ही वेळा गाड्या त्याच, मायलेज तेच, विजेता वेगळा. म्हणून कुणी "कुठली पिकअप चांगली?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "तुझा रोजचा लोड किती?" रोजचा म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातला नाही. महिन्यातल्या पंचवीसपैकी वीस दिवसांचा.

मायलेजपेक्षा मोठा आकडा: हप्ता

समजा १३ आणि १४ मायलेजमध्ये तुम्ही अडकलात. महिन्याला १,५०० किलोमीटर गाडी चालते. फरक येतो सव्वाआठ लिटरचा, म्हणजे साधारण ₹७५०.

आता हप्ता बघा. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता सुमारे ₹१०,६००. ८ लाखांचं तेच कर्ज: सुमारे ₹१७,०००. फरक महिन्याला ₹६,४००. पाच वर्षांत ₹३.८ लाखांच्या वर.

माझ्या बॅचमधल्या एकाने पाण्याच्या जारचा धंदा सुरू केला. "पुढे धंदा वाढेलच" म्हणून एकदम मोठी पिकअप घेतली. पहिलं वर्षभर रोज तीस-पस्तीसच जार जायचे. अर्धा हौदा हवा वाहत होता आणि हप्ता पूर्ण हौद्याचा जात होता. जारवर मिळणारे चार पैसे त्यातच संपले. धंदा वाईट नव्हता, गाडी वेळेआधी आली होती.

मग मोठी गाडी कधी घ्यायची? एक सोपा नियम देतो. छोट्या गाडीची एक जादा फेरी तुम्हाला कितीला पडते ते काढा. इंधन, ड्रायव्हरचा वेळ, टायर-सर्व्हिसिंग धरून समजा ₹४०० पडते. हप्त्यातला फरक ₹६,४००. भागाकार केला तर १६. म्हणजे मोठ्या गाडीमुळे महिन्याला किमान १६ फेऱ्या वाचत असतील तरच ती परवडते. मोठी गाडी बाकीच्या फेऱ्यांनाही थोडं जास्त इंधन पिते, म्हणून मी वीस धरतो. पाच-सातच फेऱ्या वाचत असतील तर छोटी ठेवा आणि जड दिवशी भाड्याचा टेम्पो बोलवा. भाडं दिल्याने कमीपणा येत नाही.

"थोडं जास्त भरलं तर काय होतं?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. पहिलं, दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या सुधारणेनंतर, ओव्हरलोडला ₹२०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला ₹२,०००. जादा माल उतरवायचा खर्चही तुमचाच. दुसरं, अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. तिसरं, पाटे, टायर, क्लच प्लेट आणि ब्रेक लवकर जातात. दोन फेऱ्या वाचवून मिळवलेले पैसे एका क्लचच्या कामात जातात.

कागदपत्रांच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. फिटनेस आणि विमा मात्र लागतोच. आणि एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं आहे. ड्रायव्हर शोधताना हे कामाला येतं.

इलेक्ट्रिकचं काय?

रोजचा रस्ता ठरलेला, शहरातलाच आणि रात्री गाडी दारात उभी राहणार असेल, तर जरूर विचार करा. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा बॅटरी २१.३ युनिटची, माल क्षमता ६०० किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. भरलेल्या गाडीत मी १०० च धरून चालतो. विजेचा दर युनिटला ₹१० आणि चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते असं धरलं, तरी किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत बसतं. सीएनजीच्या निम्मं! पण गाडीची किंमत जास्त. म्हणून वरचाच नियम लावा: हप्त्यातला फरक इंधनाच्या बचतीतून निघतो का? रोज ७०-८० किलोमीटर चालत असेल तर निघण्याची शक्यता असते. रोज पंचवीसच चालत असेल तर अवघड आहे.

उलट बाजूने, रोज थोडंथोडं, थांबत-थांबत शहरातच फिरायचं असेल तर नव्या बीएस-६ डिझेलबद्दलही सावध राहा. त्यात धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. लांबच्या फेऱ्या असतील तर ही अडचण येत नाही.

हातातल्या गाडीचं मायलेज वाढवायचं असेल तर

- टायरची हवा माल भरून जायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. आठवड्यातून एकदा तरी.
- ताडपत्री घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री इंधन खाते.
- वेग आवरा. ६० वरून ८० ला गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. पिकअपचा आकार म्हणजे रस्त्यावरून जाणारं कपाटच.
- खरं मायलेज मोजा. एकाच पंपावर टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल करा, भागाकार करा. असं सलग तीन वेळा. शेजारी त्या दिवसांचा लोडही लिहा. लोडशिवाय मायलेजला अर्थ नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

शोरूमला जाण्याआधी वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहा:

१. माझा रोजचा माल किती किलो, आणि सगळ्यात मोठ्या खोक्याचं माप काय?
२. रोज किती किलोमीटर? त्यात घाट आहे का?
३. महिन्यातले किती दिवस माल छोट्या गाडीत मावणार नाही?
४. छोट्या आणि मोठ्या गाडीच्या हप्त्यात फरक किती?
५. तो फरक भागिले एका फेरीचा खर्च. उत्तर किती आलं?

तिसऱ्या ओळीतल्या दिवसांवरून वाचणाऱ्या फेऱ्या मोजा. त्या पाचव्या ओळीच्या आकड्यापेक्षा बऱ्याच जास्त असतील, तर मोठी गाडी बिनधास्त घ्या. कमी असतील तर छोटी घ्या. आणि महिन्यात आठ-दहाच फेऱ्या होत असतील, तर सध्या कुठलीच घेऊ नका. भाड्याने धंदा करा आणि प्रत्येक भाड्याची पावती जपून ठेवा. सहा महिन्यांनी त्या पावत्याच सांगतील, गाडी घ्यायची वेळ आली की नाही.

शोरूममधला माणूस विचारेल, "साहेब, बजेट किती?" तुम्ही सांगा, "आधी माझं हे पान बघा."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा!